व्यायामात वारंवार खंड पडतोय? आधी गाडी कुठे अडते ते शोधा

तक्रार बहुतेकांची एकच असते. "सुरू करतो, तीन-चार आठवडे मस्त चालतं, मग काहीतरी निमित्त होतं आणि सगळं बंद पडतं. नंतर इच्छाच होत नाही." ठाण्यात आमचा सकाळचा व्यायामाचा गट आहे. तिथे जानेवारीत, गुढीपाडव्याला आणि दिवाळीनंतर नवी माणसं येतात, आणि त्यातली बरीचशी हेच वाक्य घेऊन येतात. पाठोपाठ उपायही तेच सांगतात: या वेळी मनाशी पक्कं केलंय.

माझं ठाम मत असं की पक्कं करण्यात कोणी कमी पडत नाही. ज्याने चार वेळा सुरुवात केली, त्याने चार वेळा पक्कं केलंच होतं. इच्छा ही येणारी-जाणारी गोष्ट आहे. रोज उठून कामावर जाणाऱ्या माणसालाही रोज तशी इच्छा होत नसते, तरी तो जातो. व्यायाम अडतो तो दुसरीकडे कुठेतरी, आणि बहुधा दर वेळी त्याच ठिकाणी. ते ठिकाण सापडलं तर दुरुस्ती छोटी असते.

म्हणून आधी एक काम करा. मागचे तीन खंड आठवा. प्रत्येकासाठी तीन गोष्टी कागदावर लिहा: खंड कोणत्या महिन्यात पडला, त्याच्या आदल्या आठवड्यात घरात किंवा शरीरात काय चाललं होतं, आणि पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागले. व्हॉट्सॲपवरचे जुने मेसेज, फोनमधले फोटो, ऑफिसच्या रजा चाळल्या की तारखा सापडतात. बहुतेकांच्या कागदावर एकच कारण दोनदा तरी येतं. पुढचं सगळं वाचायची गरज नाही, तुमच्या कारणाशी जुळेल तेवढं घ्या. पहिला भाग मात्र सगळ्यांनी वाचा.

अंगातच त्राण नाही असं वाटत असेल तर

कंटाळा आणि थकवा आतून सारखेच वाटतात, पण त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. ओळखायची साधी रीत अशी: बूट घाला आणि दहा मिनिटं सावकाश चाला. दहा मिनिटांनंतर बरं वाटायला लागलं, तर तो कंटाळा होता. पुढे चालत राहा. दहा मिनिटांनी आणखी गळाल्यासारखं वाटलं आणि हे लागोपाठ दोन आठवडे होत राहिलं, तर स्वतःला आळशी म्हणणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

हे मी पोटतिडकीने सांगते, कारण यात बायकांवर फार अन्याय होतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. म्हणजे गटात धापा टाकणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचं हिमोग्लोबिनच कमी असण्याची शक्यता आहे, आणि आपण तिला शिस्तीवर व्याख्यान देत बसतो. थायरॉइड मंदावलेला असला तरी असाच थकवा येतो. शुद्ध शाकाहारी माणसांमध्ये बी-१२ कमी असणं आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. या तिन्हीच्या रक्ततपासण्या साध्या आहेत आणि लहान शहरातल्या लॅबमध्येही होतात. आधी त्या करा. औषध सुरू झाल्यावर पुन्हा त्याच मैदानावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. तोच व्यायाम, तीच वेळ, पण चेहरा वेगळा.

आणि झोप. रात्री बारापर्यंत फोन आणि पहाटे पाचचा गजर, हे गणित चार-पाच दिवस चालतं आणि मग शरीर वसुली करतं. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. रात्रीची वेळ मागे आणता येत नसेल, तर व्यायाम संध्याकाळी करा. व्यायाम पहाटेच केला तर अंगी लागतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि तिने पुष्कळांचा व्यायाम सोडवला आहे. जी वेळ टिकते ती तुमची वेळ.

रोज सकाळी 'करू की नको' हा वाद होत असेल तर

गजर वाजतो, डोळे मिटूनच हिशेब सुरू होतो: काल उशीर झाला, आज मीटिंग आहे, उद्यापासून नक्की. हा हिशेब सुरू झाला की व्यायाम हरतो, कारण पांघरुणाच्या बाजूने बोलणारं कोणीतरी जागं असतं आणि व्यायामाच्या बाजूने बोलणारं अजून झोपलेलं असतं. उपाय एकच: हा वाद आदल्या दिवशी संपवून टाकायचा.

"रोज सकाळी अर्धा तास व्यायाम करणार" हा बेत झाला, व्यवस्था झाली नाही. व्यवस्था अशी असते: "दूध आत घेतलं की लगेच हॉलमध्ये चटई टाकून बारा सूर्यनमस्कार, मग चहा." यात वेळ घड्याळाला बांधलेली नाही, रोज न चुकता घडणाऱ्या गोष्टीला बांधलेली आहे. जागा ठरलेली आहे, काय आणि किती तेही ठरलेलं आहे. सकाळी विचार करायला काही उरतच नाही.

याला चांगला आधार आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो याचं प्रेरक साहित्य वाचायला दिलं. तिसऱ्याला तेच साहित्य दिलं, शिवाय पुढच्या आठवड्यात व्यायाम कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे लिहायला लावलं. पहिल्या गटात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५ टक्क्यांनी, तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी. प्रेरणेने दुसऱ्या गटाचा इरादा वाढला होता, पाय मात्र हलले नाहीत. सकाळी-सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ पाहणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आमच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण सांगते. नोकरी मुंबईत, सकाळी सात बेचाळीसची लोकल, त्याआधी दोन डबे. सकाळची वेळ शक्यच नव्हती, तरी त्या दर काही महिन्यांनी पहाटेचा गजर लावून बघायच्या आणि आठवड्याभरात थांबायच्या. आम्ही दोघींनी बसून त्यांचा दिवस तासातासाने मांडला. संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरल्यावर त्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहायच्या, कधी पंधरा मिनिटं, पावसात त्याहून जास्त. घर पाचपाखाडीत. तेवढ्याच वेळात चालत घर येतं. ठरलं असं: ऑफिसच्या चपला लोकलमध्येच पिशवीत टाकायच्या, बूट मुलुंड गेलं की घालायचे, आणि स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेकडे न वळता तलावपाळीच्या बाजूने चालू लागायचं. पिशवीत भाजी नसेल त्या दिवशी कचराळी तलावाला दोन फेऱ्या जास्त. मुलुंडला बूट घातले की प्रश्न मिटतो, असं त्या म्हणतात. बूट घालून रिक्षात बसायला त्यांनाच बरं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चाललं की तेवढं होतं. मध्यम म्हणजे चालता-चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

तुमचंही असंच मांडून बघा. रिकामा अर्धा तास कोणाच्याच दिवसात पडून नसतो. रांगेत, रिक्षात, मुलाच्या क्लासबाहेर गाडीवर बसून जाणारा अर्धा तास मात्र असतो.

पहिल्या आठवड्यातच अंग धरत असेल तर

उत्साहात पहिल्या दिवशी एकावन्न सूर्यनमस्कार घालायचे, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायचा, तिसऱ्या दिवशी सुट्टी. न सरावलेल्या स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त जाणवतं, म्हणून दुसऱ्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर घाबरू नका. पण हे दुखणं म्हणजे व्यायाम लागू पडल्याची पावती आहे, असंही समजू नका. ते फक्त एवढंच सांगतं की एकदम जास्त झालं.

पहिले तीन-चार आठवडे व्यायाम मुद्दाम कमी ठेवा. इतका कमी, की संपल्यावर "अजून करता आलं असतं" असं वाटावं. जोर जमत नसतील तर ओट्याला हात टेकवून तिरके करा. बैठका जमत नसतील तर खुर्चीवर बसा-उठा. बारा सूर्यनमस्कार सावकाश घातले तरी सहा-आठ मिनिटांत होतात आणि सुरुवातीला तेवढे पुरतात. लोकांना हे पटत नाही. एवढ्याने काय होणार, असं विचारतात. एवढ्याने फक्त रोज येण्याचा सराव होतो, आणि पहिल्या महिन्यात तेवढंच कमवायचं असतं.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ चा. पाणी पिणं, फळ खाणं अशा सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयीला जास्त वेळ लागला. म्हणजे एकविसाव्या दिवशी "अजून मन लागत नाही" असं वाटलं तर ते अगदी स्वाभाविक आहे, तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फरक पडला नाही.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण खरी अडचण इथून पुढे आहे.

खंड पडल्यावर परत येता येत नसेल तर

माझ्या पाहण्यात व्यायाम सुटलेल्यांपैकी सर्वांत जास्त माणसं या जागी अडतात. व्यायाम करायला त्यांना जमत होतं, बरंही वाटत होतं. पाहुणे आले, ताप आला, गावाला जावं लागलं, पाच-सात दिवस गेले. तोवर काही बिघडलेलं नसतं. मग मनात एक ओझं तयार होतं: आता नव्याने सुरुवात करायची, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि ती "नवी सुरुवात" मग सोमवारी, एक तारखेला, पाडव्याला अशी पुढे सरकत जाते.

अमेरिकेत एका मोठ्या जिम-साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर एक प्रचंड प्रयोग झाला. तो २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम शेजारीशेजारी तपासले होते. सर्वांत जास्त उपयोगी ठरला तो कार्यक्रम साधा होता: ठरलेला व्यायाम चुकल्यावर जो परत येईल त्याला छोटंसं बक्षीस. बक्षीस काही सेंटचं, म्हणजे आपल्या हिशेबात थोड्याच रुपयांचं. इतक्या पैशांसाठी कोणी जिमला जात नाही. माझ्या मते त्या बक्षिसाने सांगितलं एवढंच की चुकणं धरलेलं आहे आणि परत येणं मोजलं जाणार आहे.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या केटी मिल्कमन त्या प्रयोगाच्या मुख्य संशोधकांपैकी एक. त्यांचा २०१४ चा आणखी एक अभ्यास मला आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो. लोकांना आवडीच्या, हातातून सुटू नयेत अशा कादंबऱ्यांच्या ध्वनिफिती फक्त जिममध्ये ऐकायला मिळत. सुरुवातीला जिमच्या फेऱ्या ५१ टक्क्यांनी वाढल्या. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली, जिम बंद झालं, लोक घरी गेले, आणि परत आल्यावर तो परिणाम ओसरला. एवढी आकर्षक युक्तीही एका सणापुढे टिकली नाही.

आता आपल्याकडचं वर्ष बघा. गणपती, त्यात कोकणात जाणारे वेगळे. नवरात्र, दसरा, दिवाळी. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. मे महिन्यात गाव, जत्रा, पाहुणे. मध्ये चार महिने पाऊस. आपलं वर्ष सणांनी भरलेलं आहे आणि ते तसंच असावं. गौरी-गणपतीत मोदक वळायचे सोडून कोणी चटई टाकावी असं मी म्हणणार नाही. पण हे खंड अचानक येत नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयात ते जानेवारीतच छापलेले असतात. मग परत यायची तारीखही तिथेच, आधीच लिहून ठेवता येते. आमच्या गटात आता दिवाळीआधीच प्रत्येकजण आपली परतीची तारीख सांगून जातो. भाऊबीजेनंतरचा दुसरा दिवस, कोणी गावाहून येणार असेल तर त्यानंतरचा. त्या दिवशी काय करायचं तेही ठरलेलं: फक्त येऊन पंधरा मिनिटं चालायचं, बाकी काही नाही.

गणपतीनंतरचा पितृपक्षाचा पंधरवडा मला यासाठी फार सोयीचा वाटतो. घरात एखाद्या तिथीचं श्राद्ध सोडलं तर खरेदी नाही, समारंभ नाही, पाहुण्यांची ये-जा कमी. काही लोक त्या दिवसांत नवीन काही सुरू करत नाहीत. त्यांना मी सांगते, तुम्ही सुरू करत नाही आहात, चालू असलेलंच पुढे नेताय. नवरात्राच्या आधी दोन आठवडे हाताशी लागतात आणि गाडी रुळावर येते.

परत आल्यावर किती करायचं, हे ठरलेलं नसेल तर माणूस जुन्या आकड्याने सुरू करतो आणि पुन्हा अंग धरतं. माझा ठोकताळा असा: आठवड्याभराचा खंड असेल तर आधीच्या दोन-तृतीयांश. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर निम्मं. त्याहून मोठा असेल तर एक-तृतीयांशापासून सुरू करून दर आठवड्याला थोडं वाढवा. भीती वाटते तितकं काही निसटलेलं नसतं. दम दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो हे खरं, पण स्नायूंची ताकद त्याहून जास्त टिकते, आणि एकदा कमावलेली ताकद दुसऱ्या वेळी लवकर परत येते. डेंग्यू, टायफॉइड किंवा चांगलाच ताप येऊन गेला असेल तर मात्र हा ठोकताळा वापरू नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, घरातली रोजची कामं न थकता होऊ लागल्यावरच पहिल्या पायरीपासून या.

आणि गट चालवणाऱ्यांना, सोबत व्यायाम करणाऱ्यांना कळकळीची विनंती. महिनाभराने परत आलेल्या माणसाला "काय, आज सूर्य कुठून उगवला?", "वाट चुकलात वाटतं!" असं म्हणू नका. तुमच्यासाठी ती गंमत असते. तो मैदानाच्या फाटकापर्यंत तेच वाक्य मनात घोळवत आलेला असतो, आणि त्या वाक्याच्या भीतीने आधी दोनदा अर्ध्या वाटेतून परत गेलेला असतो. "या काका, आज फक्त चाला, उद्या बघू" एवढंच पुरे. गैरहजेरीचं कारणही विचारू नका. सांगायचं असेल तर चौथ्या फेरीत तो आपणहून सांगतो.

कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींकडे मी यासाठी आदराने बघते. तिथे पहाटे अंधारात पोरं उठतात, जोर-बैठका मारतात, हौद्यात उतरतात. त्यातल्या एखाद्याला त्या दिवशी उठावंसं वाटलं का, हे कोणी विचारत नाही. शेजारचा उठला, वस्ताद उभे आहेत, माती खणायची आहे, म्हणून तोही उठतो. शिस्त त्या पोराच्या एकट्याच्या मनात साठवलेली नसते, तालमीच्या रोजच्या चालीतच असते. आपण घरी एकट्याने व्यायाम करतो आणि तेवढी शिस्त एकट्याच्या मनातून काढू बघतो, ती कशी पुरणार? निदान एक माणूस जोडून घ्या. वाट बघणारा माणूस खाली गेटवर उभा असला की जिना उतरला जातो.

पाऊस आणि ऊन

चालण्या-धावण्याचा व्यायाम असेल तर जूनमध्ये तो सुटणार हे गृहीत धरा आणि मेच्या शेवटीच घरातला पर्याय ठरवून, एकदा करूनही ठेवा. सूर्यनमस्कार, इमारतीचे जिने, खुर्चीवरून ऊठबस, ओट्याचे जोर. दोरीच्या उड्या खालच्या मजल्यावर कोणी राहत नसेल तरच. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उजाडताच आटोपून घ्या किंवा घरातच करा. पारा चाळीस अंशांपार गेलेल्या उन्हात निर्धार दाखवण्यासारखं काही नाही.

वजन हलत नाही म्हणून सुटत असेल तर

महिनाभर घाम गाळला, काटा जागचा हलला नाही, मग कशाला करायचं? ही निराशा खरी आहे, पण तिचं मूळ चुकीच्या मापात आहे. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, तिथे मोठा वाटा खाण्याचा असतो. व्यायामाने रक्तदाब, साखर, झोप, गुडघ्यांभोवतीच्या स्नायूंची ताकद, मनाची उभारी या गोष्टी सुधारतात, आणि यातलं काहीच वजनकाट्यावर दिसत नाही.

माप बदला. रोज चढता तोच एक जिना निवडा, स्टेशनचा पूल असो की घराचा. वर पोहोचल्यावर पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतं का, हे आज बघा आणि महिन्याने पुन्हा बघा. खुर्चीवरून हात न टेकता तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. सकाळी उठल्या-उठल्या नाडी मोजा. नियमित चालणाऱ्याची ती हळूहळू उतरते. कमरेचा पट्टा कुठल्या भोकावर येतो तेही बघा. वजनकाटा महिन्यातून एकदा पुरे. रोज त्यावर उभं राहणाऱ्यांना मी तो माळ्यावर टाकायला सांगते.

वेळ नाही, असं बाईचं म्हणणं असेल तर

याला शिस्तीचा प्रश्न म्हणणं मला मान्य नाही. सकाळी साडेपाचला उठून डबे, नाश्ता, पाणी भरणं, मुलांची शाळा आणि मग नोकरी, अशा बाईला "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगणं सोपं आहे. वेळ काढायचा कुठून, तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून. म्हणून इथे दुरुस्ती घरात करावी लागते. कामांची यादी करा आणि त्यातलं एक काम, फक्त एकच, कायमचं दुसऱ्याकडे द्या. "मदत कर" असं न म्हणता "सोमवार ते शुक्रवार नाश्ता तुझा" असं स्पष्ट सांगा. कांदेपोहे चौदा वर्षांच्या मुलालाही येतात. पहिले आठ दिवस मोहरी करपेल, मीठ जास्त पडेल. तेव्हा ओट्याजवळ जाऊ नका, त्या वेळी तुम्ही मैदानावर असायला हवं.

सासूबाईंना काय वाटेल, हा प्रश्न पुष्कळ घरांत असतो. एका मैत्रिणीने सासूबाईंनाच बरोबर आणायला सुरुवात केली. सासूबाई बाकावर बसून हातापायांच्या हालचाली करतात, सून पळते. आता कोणाला उशीर झाला की दारात चप्पल घालून सासूबाईच आधी उभ्या असतात.

हे सगळं करूनही पुन्हा अडलं तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. वेळ, जागा, प्रकार आणि सोबत एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चाचपडावं लागतं. आधी वेळ बदलून तीन आठवडे बघा. मग सोबत. व्यायामाचा प्रकार सर्वांत शेवटी, पण तो बदलायला कचरू नका. जिम अंगवळणी पडत नसलेली माणसं बॅडमिंटनला दोन-दोन तास घाम गाळतात. चालण्याचा कंटाळा येणाऱ्यांना पोहणं किंवा सायकल आवडते. जवळ जुनी व्यायामशाळा असेल तर आत जाऊन बघा. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या किंवा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी कित्येक दशकं माणसं घडवली आहेत, आणि गावोगावच्या छोट्या व्यायामशाळांतही अनुभवी शिक्षक भेटतात.

व्यायामात छातीत दुखलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, चक्कर आली किंवा नेहमीच्या चालीला एकाएकी जास्त धाप लागली, तर त्याच मिनिटाला थांबा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. गुडघा किंवा कंबर व्यायामानंतर दोन-तीन दिवसांनीही दुखतच असेल, सुजत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि तोवर न दुखणाऱ्या भागाचा व्यायाम चालू ठेवा. पाय जायबंदी असेल तर खुर्चीत बसून हातांचा, खांदा दुखत असेल तर नुसतं चालणं. वेळ आणि जागा तीच ठेवायची.